पहिला बोंबील

मासळी वाळवायच्या आमच्या खळ्यावर पहिला बोंबील घरच्या मोठ्या बाईनं काढायचा, असा रिवाज आहे. दोरीवर कुणीही घालो, पण उतरवायची वेळ आली की मोठी बाई पुढे होणार, पहिल्या दोरीवरचा पहिला बोंबील खाली घेणार, आणि मगच बाकीच्या बायका हात लावणार. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो कौतुकानं मान हलवतो आणि विचारतो, पूजा वगैरे असते का त्या वेळी. पूजा कसली डोंबलाची. आभाळ अंगावर येत असतं तेव्हा पूजेला वेळ कुणाला असतो?

त्याचं कारण साधं आहे. बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्या बोंबलाचा जबडा अडकवायचा, जोडी करायची आणि दोरीवर टांगायची. बांबू रोवून दोऱ्या ताणलेल्या त्या मांडवाला आम्ही वलांडी म्हणतो. चांगलं ऊन आणि सकाळचा जमिनीवरून येणारा मतलई वारा मिळाला तर तीन-चार दिवसांत माल वाळतो. मध्येच आभाळ भरलं तर मात्र पंचाईत. अर्ध्या वाळलेल्या बोंबलाला पाऊस लागला की तो काळा पडतो, त्याला वास मारतो, आणि तो खतात जातो. बरं, घाबरून आधीच काढला, ताडपत्रीखाली ढीग घातला आणि पाऊस आलाच नाही, तर ढिगात तो उबतो. मग तोही खतातच. अशा वेळी तीस बायका तीस तोंडांनी बोलायला लागल्या तर निम्मा माल दोरीवर आणि निम्मा जमिनीवर राहायचा. म्हणून एकीनं ठरवायचं, आणि तेही तोंडानं नाही, हातानं. तिनं पहिला काढला की सगळ्यांनी काढायचा. नाही काढला तर कुणीही नाही.

मी लग्न होऊन इथे आले तेव्हा ती मोठी बाई माझी सासू होती. आमचं गाव अलिबागच्या पुढे, मुरुडच्या अलीकडे. सासऱ्यांनी बोट सांभाळली आणि सासूबाईंनी खळं उभं केलं. डोक्यावर सुक्या मासळीची पाटी घेऊन त्या आधी आजूबाजूच्या गावांत फिरायच्या, मग एक वलांडी बांधली, मग चार, मग बारा. पुढे माझ्या नवऱ्याकडे बोट आली, पण खळ्यात तो कधी बोलला नाही. काही विचारलं तर म्हणायचा, "तां आयेचं हाय." एवढं बोलून तो जाळ्याकडे वळायचा.

सासूबाईंनी मला काय शिकवलं नाही? बोंबील कुठला ताजा, कुठला बर्फात दोन दिवस पडलेला, हे डोळे मिटून बोटांनी ओळखायला शिकवलं. व्यापारी भाव पाडायला लागला की गप्प राहायचं आणि माल झाकायला घ्यायचा, हे शिकवलं. बायकांत भांडण झालं तर दोघींना एकाच दोरीवर कामाला लावायचं, हेही त्यांचंच. हाताला फटका मारून शिकवलं, पण मनापासून शिकवलं. एक गोष्ट तेवढी शिकवली नाही. पाऊस येणार की नाही हे कसं ठरवायचं, ते. मी विचारलं तर म्हणायच्या, "दिसतं." काय दिसतं, कुठे दिसतं? "दिसतं गो. दिसायला लागलं का तुला पण दिसंल." मी खुळ्यासारखी समुद्राकडे बघत बसायचे.

लग्नाला चार वर्षं झाली असतील. थंडीचे दिवस, दोऱ्या भरलेल्या, माल दुसऱ्या दिवसाचा. दुपारी वारा फिरला. दक्षिणेकडून दमट, अंगाला चिकटणारा वारा यायला लागला आणि पाण्यातल्या किल्ल्याच्या मागे काळं दाटून आलं. सासूबाई पहिल्या दोरीपाशी उभ्या होत्या, पण हात खाली. माझा जीव राहीना. मी शेवटच्या दोन दोऱ्यांपाशी होते. हात कधी वर गेला ते मलाही कळलं नाही. मी काढायला लागले, आणि भराभर दोन्ही दोऱ्या रिकाम्या केल्या. कुणी हललं नाही. सासूबाई सावकाश माझ्याकडे चालत आल्या, ढिगाकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "घाई कुणाला हाय?"

पाऊस आला नाही. काळं होतं ते समुद्रावरूनच निघून गेलं. माझ्या दोन दोऱ्यांचा माल ताडपत्रीखाली उबला आणि बाकी सगळं खळं कडक वाळलं. बायकांनी मला पुढे कित्येक वर्षं सोडलं नाही. आभाळात कापसाएवढा ढग दिसला तरी कुणीतरी म्हणायचंच, "वैनी, आज पाऊस हाय का न्हाय?" मग हशा. मीही हसायचे. आतून मात्र नाकाला मिरच्या झोंबायच्या. मी कानाला खडा लावला. पुन्हा म्हणून दोरीला आधी हात लावायचा नाही. आणि त्या दिवसापासून सगळ्या किनाऱ्यावर सासूबाईंचं नाव झालं. मावशीला दिसतं, असं शेजारच्या खळ्यांवरच्या बायकाही म्हणायला लागल्या. त्यांनी काढलं की त्याही काढायच्या.

अशी वीसेक वर्षं गेली. मी सगळं करत होते. मजूर बायका आणणं, टेम्पो भरणं, व्यापाऱ्यांचे फोन, सगळं. फक्त आभाळ त्यांच्याकडे होतं.

मग त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, चावी, त्याचं काही नाही, ते माझंही हरवतं. पण एकदा त्यांनी एकाच व्यापाऱ्याला एकाच सकाळी दोनदा फोन लावला आणि दोन्ही वेळा तेच बोलल्या. एकदा सकाळी भरून ठेवलेला टेम्पो बघून म्हणाल्या, हा माल कुणाचा? मी म्हटलं, आपलाच. "मंग कवा सांगणार व्हतीस?" असं म्हणून माझ्यावरच चिडल्या. अलिबागला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी आम्हा नवरा-बायकोला बाजूला घेऊन सांगितलं, हे वाढत जाणार, कमी होणार नाही. परतताना एसटीत त्या खिडकीशी बसल्या होत्या आणि नवरा माझ्या कानाशी म्हणाला, "आयेला कळू देऊ नकोस. खळं तिच्याकडंच ऱ्हाऊ दे." मलाही ते पटलं. खळ्यात उभ्या राहिल्या की त्या पूर्वीसारख्याच दिसायच्या. पदर खोचलेला, नजर दोरीवर. ते काढून घेतलं असतं तर घरात नुसती एक म्हातारी उरली असती.

मी मग त्यांच्या चुका झाकायला लागले. त्या एक सांगायच्या, मी मागून जाऊन दुसरं करायचे. बायकांना वाटायचं, मावशी अजून खमक्या आहेत. मला तर वाटायचं, मी फार मोठं पुण्य करतेय.

त्याच वर्षी अलिबागच्या एका हॉलमध्ये घरगुती धंदेवाल्यांसाठी दिवसभराचं शिबिर होतं. बचत गटाच्या बाईंनी माझं नाव घातलं. शिकवायला रो-रो बोटीनं मुंबईहून एक तरुण आला होता. निळा शर्ट, गोड बोलणं. म्हणाला, धंद्यातला पुढचा माणूस आत्तापासून तयार करा, त्याला निर्णय घेऊ द्या, चुका करू द्या. मी मनात म्हटलं, बाबा, तुझ्या बापाचे बोंबील आहेत का? जेवण चांगलं होतं, गुलाबजामही होता. शेवटी त्यानं एक कागद वाटला. त्यावर प्रश्न होता, तुमच्या धंद्यात पुढचं नेतृत्व कोण करणार? माझ्या शेजारच्या पापडवाल्या बाईनं झटक्यात मुलाचं नाव लिहिलं. मी पेन हातात धरून बराच वेळ बसले. मग लिहिलं, "सासूबाई आहेत." तो कागद त्या पोरानं वाचला असेल तर काय म्हणाला असेल कोण जाणे.

त्यानंतर महिनाभरातच ती दुपार आली. डिसेंबर होता. मासा भरपूर लागला होता, बाराच्या बारा वलांड्या भरलेल्या, माल दुसऱ्या दिवसाचा. सकाळीच मोबाईलवर अवकाळीचा इशारा आला होता, पण तो आठवड्यातून दोनदा येतो. दुपारी मात्र वारा फिरला. तोच दक्षिणेचा, अंगाला चिकटणारा. किल्ल्याच्या मागे काळं झालं. कावळे खालून उडायला लागले. सगळ्या बायका आपापल्या दोरीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. सासूबाई पहिल्या दोरीपाशी गेल्या. त्यांनी हात वर केला, पहिल्या बोंबलाला बोटं लावली, आणि तशाच राहिल्या.

मला वाटलं, विचार करताहेत. मग त्यांचा चेहरा दिसला. त्या बोटांत धरलेल्या बोंबलाकडे बघत होत्या. हात कशासाठी वर केला, ते त्यांना आठवत नव्हतं.

मी पुढे होऊन पहिला काढला असता की झालं असतं. पण तीस बायकांसमोर तो काढणं म्हणजे जाहीर सांगणं होतं की ह्यांचं संपलं. मी जवळ गेले, अगदी हळू म्हणाले, "आये, काढूया?" त्यांनी वळून बघितलं. ओळखीचं काहीतरी त्यांच्या डोळ्यांत आलं. आणि त्या मोठ्यानं म्हणाल्या, "घाई कुणाला हाय?"

दोन-चार जुन्या बायका हसल्या. मी मागे सरले. खरं सांगते, त्या क्षणी मी पन्नाशीला आलेली बाई नव्हते, दोन दोऱ्या नासवलेली पोर होते. मी माझ्या जागेवर जाऊन उभी राहिले, हाताची घडी घातली आणि समुद्रावरून पावसाची भिंत येताना बघत राहिले. आम्ही एकतीस बायका होतो. प्रत्येकीला दिसत होतं.

पाऊस वीस मिनिटं पडला. त्यात काही उरलं नाही. थांबल्यावर दोऱ्यांवरून नुसतं पाणी गळत होतं. सासूबाईंचं लुगडं अंगाला चिकटलं होतं. पावसानं की कशानं, त्या एकदम भानावर आल्या होत्या. त्यांनी बाराही वलांड्यांवरून नजर फिरवली आणि मला विचारलं, "कुणीच काढले न्हाय?" मी पदर पिळायला लागले. "तू व्हतीस ना गो हितं?"

तो माल खतासाठी भरत होतो तेव्हा आमच्या खळ्यावरची सगळ्यात जुनी बाई माझ्या शेजारी होती. सासूबाईंच्या पहिल्या वलांडीपासूनची, मला सुनेसारखी वागवणारी. पाटी उचलता उचलता ती म्हणाली, "तू का न्हाय काढलास?" मी म्हटलं, मी कशी काढणार, तुम्ही सगळ्या त्यांच्याकडे बघत होतात. तिनं पाटी खाली ठेवली. "मावशीकडं कोन बघत व्हतं? तिचं काय झालंय ते काय आमाला दिसत न्हाय? दोन वर्सं झाली, आमी तुज्याकडं बघतो." एवढं बोलून तिनं पाटी पुन्हा उचलली आणि निघून गेली.

त्यानंतर पहिला बोंबील मी काढायला लागले. सासूबाई खळ्यात खुर्चीवर बसायच्या. कधी मला ओळखायच्या, कधी नाही. एका सकाळी मी त्यांच्या पायाशी बसून जवळा निवडत होते. त्यांना मी त्यांची बहीण वाटले. बराच वेळ माहेरच्या गोष्टी झाल्या. मग माझ्याकडे वाकून हळू म्हणाल्या, "सून हुशार हाय गो माजी." मी जवळा निवडत राहिले. "एकदा लई आभाळ आलं. मी काढनारच व्हते, हात वर जानार, तवर हिनं काढायला सुरुवात केली. माज्या आधी. सगळ्यांच्या देखत." मग हसल्या. "मंग मी थांबले. म्हटलं, आता न्हाय काढत जा."

म्हणजे त्यांना काही दिसलं नव्हतं. त्यांनाही पाऊसच वाटला होता, माझ्यासारखाच. मी आगाऊपणा केला नसता तर त्यांनी सगळं खळं उतरवलं असतं आणि सगळा माल उबला असता. त्या दिवशी खळं वाचलं ते त्यांना माझा राग आला म्हणून. त्या रागावर त्यांचं नाव झालं आणि त्याच दिवशी माझा हात वीसेक वर्षांसाठी खाली आला. मला रडू यावं की हसू, कळेना. त्यांच्यावर ओरडावंसं वाटलं, पण ओरडणार कुणावर? त्या मला विचारत होत्या, आई जेवली का. वर्षभरात त्या गेल्या.

गेली तीन वर्षं माझी सून खळ्यावर येते. मुलगा उरणच्या बाजूला ट्रेलर चालवतो. ही पदवी घेतलेली, नोकरी मिळाली असती, पण म्हणाली, "आई, मला खळं शिकायचंय." मला तेव्हा इतकं बरं वाटलं होतं की मी नवऱ्याला दोनदा सांगितलं. ठरवलं, हिला सगळं शिकवायचं. आभाळसुद्धा. तसं मी तिला सांगूनही टाकलं, की कुणाला काही दिसत नसतं, अंदाजच असतो, चुकला तर चुकला. ती हसली, तिला ते आवडलं.

गेल्या थंडीतली गोष्ट. माल दुसऱ्या दिवसाचा, वारा फिरलेला, किल्ल्याच्या मागे काळं. मी पहिल्या दोरीपाशी होते. माझं ठरलं होतं, काढायचा. एक श्वास घेतला आणि हात उचलणार, तेवढ्यात पलीकडच्या टोकाला तिनं काढायला सुरुवात केली. भराभर, चांगल्या हातानं. सगळ्या बायकांच्या माना तिच्याकडे वळल्या.

मला काय झालं, मी सांगू शकत नाही. म्हणजे सांगू शकते, पण लाज वाटते. मला राग आला. माझी सव्वीस वर्षं गेली होती तिथवर पोचायला, आणि हिची तीनही झाली नव्हती. माझा हात खाली आला आणि तोंडातून शब्द गेले, ते माझ्या आवाजातले होते एवढंच. "घाई कुणाला हाय?"

तिनं हात मागे घेतला. पाऊस आला नाही. तिची अर्धी दोरी उबली. संध्याकाळी बायका म्हणाल्या, वैनीला दिसतं हां, अगदी मावशीसारखं. सून तिथेच उभी होती. मी म्हणायला हवं होतं, अगं, मी काढणारच होते, तुझ्यासारखंच मलाही वाटलं होतं. एवढं एकच वाक्य. मी ताडपत्रीच्या घड्या घालत राहिले. रात्री जेवताना सांगेन म्हटलं, मग उद्या म्हटलं. अजून सांगितलेलं नाही.

परवा पुन्हा आभाळ भरलं. ह्या वेळी मी मनाशी ठरवून मागे पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभी राहिले आणि तिला म्हटलं, "जा, पहिल्या दोरीपाशी तू उभी राहा. तुला वाटलं तर काढ." ती गेली. वारा दमट होता, किल्ला दिसेनासा झाला होता, एवढं काळं मी सासूबाईंच्या त्या डिसेंबरनंतर बघितलं नव्हतं. ती दोरीपाशी उभी होती, हात खाली. मी म्हटलं, "काढ गो."

"तुम्ही काढा ना, आई," ती म्हणाली. "तुम्हाला दिसतं."

मी म्हटलं, मला काही दिसत नाही. तिला ते खरं वाटलं नाही. थेंब पडायला लागले तरी ती माझ्या तोंडाकडेच बघत होती, आणि बायका तिच्याकडे बघत होत्या. शेवटी मी टाकीपासून पळत गेले आणि पहिला बोंबील मीच काढला.